पुरुषांचा आहार आणि शुक्राणू: ताटातल्या कशाने फरक पडतो, कशाने नाही?

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की घरात कुजबुज सुरू होते. पहिली फाइल तयार होते ती बायकोची. सोनोग्राफी, थायरॉइड, हार्मोन्सच्या तपासण्या, गर्भनलिका उघड्या आहेत की नाही हे पाहणारा एक्स-रे. त्याच दिवसांत नवऱ्याच्या फोनवर एखादं रील येतं. 'हे पाच पदार्थ खा, स्पर्म काउंट महिन्याभरात दुप्पट!' मग घरात अक्रोड येतात, अश्वगंधाचा डबा येतो, गावाहून कुणीतरी डिंकाचे लाडू पाठवतं. नवऱ्याची वीर्य तपासणी मात्र होत नाही. बघता बघता वर्ष निघून जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या साधारण १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीला.

मग पुरुषाच्या खाण्यापिण्याचा यात किती वाटा? रीलमध्ये सांगतात तितका नाही. पण 'खाण्याने काय होतंय' म्हणून झटकून टाकावा इतका कमीही नाही.

आधी एक घोळ सोडवू

आपल्याकडे 'मर्दानगी' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. लैंगिक संबंध ठेवता येणं ही एक गोष्ट. वीर्यात पुरेसे, पोहणारे, निरोगी शुक्राणू असणं ही दुसरी. पहिली ठीक असली म्हणजे दुसरीही ठीकच असेल, असं नाही. कामेच्छा, ताठरता, वीर्यस्खलन सगळं व्यवस्थित असलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. वीर्यात शुक्राणूंचा भाग अगदी थोडा असतो, बाकीचा द्रव प्रोस्टेट आणि इतर ग्रंथींमधून येतो. त्यामुळे वीर्य पातळ की घट्ट हे डोळ्यांनी पाहून काहीच ठरवता येत नाही.

ते ठरतं फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या प्रयोगशाळा पुस्तिकेनुसार वीर्य तपासणीतल्या किमान संदर्भ पातळ्या अशा आहेत: वीर्याचं प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण शुक्राणू ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढच्या दिशेने पोहणारे ३० टक्के आणि नेहमीच्या आकाराचे ४ टक्के.

शेवटचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. पण हो, निरोगी पुरुषांमध्येही बहुतेक शुक्राणू 'आदर्श' आकाराचे नसतात. शिवाय हे आकडे म्हणजे पास-नापासची रेषा नाही. त्यापेक्षा कमी आकडे असलेल्यांनाही नैसर्गिकरीत्या मुलं होतात, आणि जास्त असलेल्यांनाही कधी कधी अडचण येते.

अन्नाचा आणि शुक्राणूचा संबंध येतो कुठे?

पुरुषाच्या वृषणांमध्ये शुक्राणू बनण्याचं काम तारुण्यापासून अखंड चालू असतं. दर सेकंदाला हजाराहून अधिक. मूळ पेशीपासून शेपूट असलेला शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्याच्या नळीतून तो पुढे सरकतो, तिथे पोहायला शिकतो. त्यात आणखी आठवडा-दोन आठवडे जातात.

म्हणजे आज तपासणीला दिलेल्या नमुन्यातले शुक्राणू बनायला सुरुवात झाली ती जवळपास तीन महिन्यांपूर्वी. तेव्हा आलेला ताप, तेव्हाची दारू, तेव्हाचं जेवण यांचा परिणाम आजच्या रिपोर्टवर दिसू शकतो. आणि आज सुरू केलेल्या चांगल्या सवयीचा परिणाम दिसायलाही साधारण तीन महिने लागतात. 'सात दिवसांत फरक' ही जाहिरात इथेच खोटी ठरते.

अन्नाचा संबंध मुख्यतः तीन ठिकाणी येतो.

पहिलं, कच्चा माल. एवढ्या वेगाने नवीन पेशी बनवायच्या तर प्रथिनं, झिंक, सेलेनियम, फोलेट, बी१२ अशा घटकांचा पुरवठा हवा.

दुसरं, हार्मोन्स. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना निरोप जातो, वृषण टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. अंगावरची चरबी जास्त असेल तर हा निरोपाचा व्यवहार बिघडतो.

तिसरं, गंज. शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना 'फ्री रॅडिकल्स' नावाचे खोडकर रेणू तयार होतात. शुक्राणूचं आवरण सहज खराब होणाऱ्या स्निग्ध आम्लांचं असतं आणि स्वतःची दुरुस्ती करायला त्याच्याकडे जागाच नसते. सामान वाहून न्यायचं, बस्स. त्यामुळे तंबाखू, लठ्ठपणा, संसर्ग, प्रदूषण यांनी हा गंज वाढला की शुक्राणूची हालचाल मंदावते आणि त्याच्यातल्या डीएनएचे तुकडे पडू शकतात. फळं आणि भाज्यांतले अँटिऑक्सिडंट उपयोगी म्हणतात, ते यामुळे.

झिंकची गोष्ट

पुरुषांच्या प्रत्येक 'फर्टिलिटी' गोळीत झिंक असतंच. त्यामागे खरी गोष्ट आहे, आणि तिचा नायक भारतीय आहे.

बिहारमधल्या बक्सरमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझ शहरात काम करत होते. तिथे त्यांच्याकडे एक रुग्ण आला. वय २१, पण दिसायला शाळकरी मुलगा. उंची खुंटलेली, जननेंद्रियांची वाढ झालेलीच नाही, अंगात रक्त नाही. त्या भागात असे आणखी रुग्ण सापडले. त्यांच्या जेवणात जवळपास फक्त बिनखमिराची गव्हाची रोटी होती, मांस-दूध नाममात्र, आणि माती खायची सवय.

धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो झिंक आणि लोहाला धरून ठेवतो, आतड्यांना ते मिळू देत नाही. प्रसाद यांनी १९६१ मध्ये आपली शंका मांडली. पुढे इजिप्तमधल्या अशाच रुग्णांमध्ये झिंकची कमतरता असल्याचं त्यांच्या गटाने १९६३ मध्ये दाखवलं. झिंक दिल्यावर या मुलांची उंची वाढली, तारुण्याची लक्षणं दिसू लागली. माणसाला झिंकची कमतरता होऊच शकत नाही असं मानणाऱ्या वैद्यकशास्त्राला मत बदलावं लागलं. १९७४ मध्ये अमेरिकेने झिंकची रोजची गरज पहिल्यांदा ठरवून दिली.

नंतर प्रसाद यांच्या सहकाऱ्यांनी पाच स्वयंसेवकांना काही महिने झिंक कमी असलेलं जेवण दिलं. पाचपैकी चौघांचे शुक्राणू कमी झाले. झिंक पुन्हा सुरू केल्यावर ते मूळ पातळीवर आले, पण त्याला ६ ते १२ महिने लागले.

म्हणजे झिंक कमी पडलं तर शुक्राणूंवर परिणाम होतो, हे पक्कं. पण जाहिरात इथून एक उडी मारते: कमी पडलं तर नुकसान होतं, म्हणजे जास्त घेतलं तर फायदा होईल. इथेच गणित चुकतं.

गोळ्यांनी काय झालं?

ही उडी तपासून पाहणारा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वंध्यत्वावर उपचार घेऊ पाहणाऱ्या २,३७० जोडप्यांमधल्या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं.

निकाल: गोळी घेणाऱ्यांच्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं, रिकामी गोळी घेणाऱ्यांच्या गटात ३५ टक्के. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत फरक नाही. उलट औषधाच्या गटात शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं आणि पोटदुखी, मळमळ, उलटीच्या तक्रारीही जास्त आल्या.

त्याच वर्षी अमेरिकेतलाच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १७१ जोडपी होती आणि गोळीत व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, एल-कार्निटिन, झिंक, फोलिक ॲसिड, लायकोपिन असं सगळं एकत्र होतं. महागड्या डब्यांवर छापलेलं असतं, जवळपास तेच. तीन महिन्यांनी शुक्राणूंमध्ये सुधारणा दिसली नाही आणि गर्भधारणेचं प्रमाणही वाढलं नाही.

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये अशा ९० अभ्यासांचा, १०,३०३ पुरुषांचा आढावा घेतला. काही अभ्यासांत फायदा दिसतो, पण पुरावा कच्चा आहे. कमकुवत अभ्यास बाजूला काढले की मूल होण्याच्या प्रमाणातला फायदा टिकत नाही, असा त्याचा सूर आहे.

याचा अर्थ गोळ्या कुणालाच नकोत असा नाही. रक्त तपासणीत बी१२ किंवा दुसरा एखादा घटक खरंच कमी असेल तर डॉक्टर देतात ती गोळी घ्यायलाच हवी. पण न तपासता, 'असू दे, नुकसान तर नाही' म्हणून घेणं चुकीचं. जास्त झिंक दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. जास्त सेलेनियमने केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

एक पदार्थ नाही, पूर्ण ताट

डेन्मार्कमध्ये सैन्यभरतीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या २,९३५ तरुणांचा आहार आणि वीर्य यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मासे, चिकन, भाज्या, फळं असं खाणाऱ्यांची शुक्राणूसंख्या सर्वांत जास्त होती. पिझ्झा, चिप्स, प्रक्रिया केलेलं मांस, गोड पेयं असं खाणाऱ्यांची सर्वांत कमी. शाकाहारी पद्धतीने खाणाऱ्यांचे आकडेही या दुसऱ्या गटापेक्षा बरे होते.

असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. जो माणूस भाज्या खातो तो कदाचित झोपतोही वेळेवर आणि सिगारेटही कमी ओढतो. म्हणून प्रयोग लागतात. असा एक प्रयोग २०१८ मध्ये स्पेनमधून आला. १८ ते ३५ वयाच्या ११९ निरोगी तरुणांपैकी एका गटाने १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट खाल्ले, दुसऱ्याने सुकामेवा टाळला. सुकामेवा खाणाऱ्यांची शुक्राणूसंख्या, हालचाल आणि आकार या तिन्हींत माफक सुधारणा दिसली. पण हे सगळे आधीच निरोगी होते. ज्यांचे शुक्राणू कमी आहेत त्यांना यामुळे मूल होईल, असं हा प्रयोग सांगत नाही.

म्हणजे अक्रोड खायला हरकत नाही. पण वडापाव, कोल्ड्रिंक, रात्री अकराचं जेवण हे सगळं तसंच ठेवून सकाळी चार अक्रोड खाल्ले तर फार काही हाती लागणार नाही.

पोटाचा घेर

आहाराचा सर्वांत ठळक परिणाम दिसतो तो वजनावाटे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातले २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले.

चरबीच्या पेशींमध्ये एक विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. चरबी जास्त, तर रूपांतर जास्त. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूला वाटतं हार्मोन पुरेसं आहे, आणि तो वृषणांना पाठवायचा निरोप कमी करतो. शिवाय वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ती शरीराबाहेर असतात. मांड्यांच्या आणि ओटीपोटाच्या चरबीत ती ऊब अडकते. जोडीला मधुमेह असेल तर नुकसान आणखी वाढतं.

चांगली बातमी अशी की हे बऱ्याच अंशी उलटवता येतं. डेन्मार्कमधल्या ५६ लठ्ठ पुरुषांनी वैद्यकीय देखरेखीखाली आठ आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा आहार घेतला. सरासरी १६.५ किलो वजन उतरलं आणि वीर्यातल्या शुक्राणूंचं प्रमाण साधारण दीडपट झालं. वर्षभराने पाहिलं तेव्हा ज्यांनी वजन परत वाढू दिलं नव्हतं त्यांचा फायदा टिकला होता. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तसला कडक आहार घरच्या घरी करायचा नसतो, तो डॉक्टरांच्या नजरेखालीच. पण दिशा स्पष्ट आहे. भारतीय पुरुषांसाठी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा सल्ला दिला जातो. वजनकाट्यापेक्षा शिवणकामाची टेप इथे जास्त खरं बोलते.

काय सोडल्याने जास्त फायदा?

काय खावं यावर खूप बोललं जातं. काय सोडावं यावर कमी, कारण ते विकता येत नाही.

तंबाखू. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी तंबाखू-चुन्याची पुडी आणि मावा टपरीवर दिसतोच. वंध्यत्वाची तपासणी करायला आलेल्या ६३८ भारतीय पुरुषांच्या २००५ मधल्या अभ्यासात, तंबाखू जितकी जास्त चघळली जात होती तितके शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार खालावलेले दिसले. 'मी सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू खातो' ही पळवाट नाही.

दारू. रोजचं आणि जास्त पिणं टेस्टोस्टेरॉन कमी करतं आणि यकृत बिघडवून हार्मोन्सचा तोलही ढळवतं. मूल हवंय त्या काळात बंद ठेवणं सर्वांत सोपं.

गोड पेयं आणि वारंवार तापवलेलं तेल. रोज कोल्ड्रिंक पिणाऱ्या पुरुषांच्या जोडप्यांमध्ये गर्भ राहण्याची शक्यता कमी असल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. ट्रान्स फॅट जास्त खाणाऱ्या तरुणांमध्ये शुक्राणू कमी असल्याचं स्पेनमध्ये आढळलं. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पती तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे. पण कढईतलं तेच तेल दिवसभर पुन्हा पुन्हा तापवलं की घातक पदार्थ वाढतातच.

स्टेरॉइड. हा मुद्दा जिमला जाणाऱ्या तरुणांसाठी सर्वांत महत्त्वाचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू वृषणांना निरोप पाठवणंच थांबवतो, आणि शुक्राणू बनणं बंद पडत जातं. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. म्हणजे शुक्राणू कमी आहेत म्हणून स्वतःच्या मनाने टेस्टोस्टेरॉन घेणारा माणूस नकळत गर्भनिरोधकच घेत असतो. बंद केल्यावर शुक्राणू परत यायला महिनोन्महिने लागतात. साधी प्रथिनांची पावडर ही वेगळी गोष्ट, पण लेबल धड नसलेल्या 'मास गेनर'मध्ये काय मिसळलंय याची खात्री देता येत नाही.

शेवगा, कांदा, अश्वगंधा, सोयाबीन

शेवग्याच्या शेंगा, कांदा, खजूर, डिंक यांच्याबद्दल पिढ्यान् पिढ्या बोललं जातं. हे पदार्थ पौष्टिक आहेत, खायला काहीच हरकत नाही. पण त्यांनी माणसांमध्ये शुक्राणू वाढून मूल झाल्याचा भक्कम पुरावा नाही. डिंकाचे लाडू रोज चार खाल्ले तर तूप-गुळाने वजन मात्र वाढेल.

अश्वगंधावर काही छोटे प्रयोग झाले आहेत. २०१३ च्या एका भारतीय प्रयोगात शुक्राणूसंख्या बरीच वाढल्याचं दिसलं, पण त्यात पुरुष होते फक्त ४६. एवढ्यावरून मोठं विधान करता येत नाही. दुसरीकडे, अश्वगंधाच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. 'नैसर्गिक आहे, त्रास नाही' हे गृहीत धरू नये.

सोयाबीनची भीतीही बरीच फुगवलेली आहे. सोयातले घटक इस्ट्रोजेनसारखे दिसतात म्हणून पुरुषांनी ते टाळावं, असं सांगितलं जातं. पण आतापर्यंतच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये घेतला गेला, त्यात सोयाने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याचं दिसलं नाही. सोयाबीनच्या वड्यांची भाजी आठवड्यातून एक-दोनदा खायला कुणी घाबरू नये.

आणि एक जुना समज: वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब. याला शरीरशास्त्रात आधार नाही. या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणाच्या, चिंतेच्या तक्रारींना भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. र. धों. कर्वे यांनी तर १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून असल्या विषयांवर मराठीत उघडपणे लिहायला सुरुवात केली होती. शंभर वर्षं होत आली, थेंबांचा हिशेब अजून संपलेला नाही.

मग रोजच्या ताटात काय असावं?

वेगळं 'फर्टिलिटी डाएट' बनवायची गरज नाही. हृदयाला आणि मधुमेहाला चांगलं तेच शुक्राणूंनाही चांगलं, असं ढोबळमानाने म्हणता येतं.

- ताटाचा अर्धा भाग भाज्या, कोशिंबीर आणि फळं. पालेभाजी रोज एक. पेरू, आवळा, संत्रं यांतून व्हिटॅमिन सी सहज मिळतं.
- डाळ-उसळ दोन्ही वेळा. मटकी, मूग, चवळी भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं आणि झिंक-लोह अंगाला लागतं. इडली, आंबोळी, ज्वारीची आंबील यांत आंबवण्याने तेच होतं. शिराझच्या त्या रुग्णांचं ताट आणि भाकरी-उसळीचं ताट यांत फरक पडतो तो इथे.
- झिंकसाठी तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरे, काजू, अंडी, मटण. प्रौढ पुरुषासाठी रोज १७ मिलिग्रॅम झिंकची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केली आहे.
- मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली असे तेलकट मासे, शक्यतो तळण्याऐवजी कालवणात. शाकाहारींसाठी जवसाची चटणी आणि अक्रोड.
- दूध-दही, अंडी. पूर्ण शाकाहारी असाल तर बी१२ एकदा तपासून घ्यावं.
- मूठभर शेंगदाणे, बदाम किंवा अक्रोड, पण फरसाणाच्या जागी. फरसाणाच्या जोडीला नाही.

यासोबत झोप, चालणं आणि वृषणांना जास्त उष्णता न लागू देणं. मांडीवर तासन् तास लॅपटॉप नको.

ताट कुठे हात टेकतं?

आहाराच्या मर्यादा माहीत नसतील तर खरं नुकसान होतं. मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू नसतातच. कधी नळी बंद असते, कधी गुणसूत्रांत फरक असतो, कधी गालगुंडाने वृषणांना इजा झालेली असते. ३५ ते ४० टक्के पुरुषांमध्ये वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतात, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात. यातलं काहीच अक्रोडाने किंवा लाडवाने बरं होत नाही. यातल्या अनेकांसाठी औषध, शस्त्रक्रिया किंवा आयव्हीएफसारखे मार्ग आहेत. पण त्यासाठी कारण कळायला हवं.

वर्षभर गर्भनिरोधकाशिवाय प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनी डॉक्टरांकडे जावं. स्त्रीचं वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांनीच. तपासणी दोघांची एकाच वेळी सुरू व्हावी.

पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यात सोपी असते. सुई नाही, भूल नाही. आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळायचं आणि नमुना लॅबमध्येच किंवा घरी घेऊन तासाभराच्या आत पोहोचवायचा. रिपोर्ट बिघडलेला आला तरी लगेच घाबरायचं कारण नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या डेंग्यू किंवा टायफॉइडच्या तापानेही आकडे पडतात. म्हणून तपासणी पुन्हा करतात. एका रिपोर्टवरून शेवटचा निर्णय होत नाही.

यात वेळेचा हिशेब दोघांसाठी सारखा नसतो. पुरुषाच्या शरीरात नवीन शुक्राणू आयुष्यभर बनत राहतात. स्त्रीची बीजांडं जन्मतःच ठरलेली असतात आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि गुणवत्ता वेगाने घटते. नवऱ्याने न तपासता लाडू, पावडर आणि रील्सवर घालवलेलं वर्ष बायकोच्या वयातून वजा होतं. तोवर तिची फाइल जाड होत जाते, टोमणे तिला बसतात, आणि कारण कदाचित तिच्याकडे नसतंच.

म्हणून क्रम असा असावा. आधी तपासणी. रिपोर्टची वाट पाहतानाच तंबाखू-दारू बंद, चालणं सुरू आणि ताट नीट. तीन महिन्यांनी, डॉक्टरांनी सांगितलं तर, पुन्हा तपासणी. एवढं केलं तर आहार त्याचं काम करतो, आणि जिथे आहाराने भागणार नाही तिथे वेळ वाया जात नाही.